गिअर नको असलेला लोहाराचा पोरगा: तुमच्या सीव्हीटी कारमागची गोष्ट

दहा लाखांच्या आसपास घरासाठी ऑटोमॅटिक कार शोधायला निघालात की शोरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांत तुमच्यावर अक्षरांचा मारा होतो. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी. सेल्समन ती अक्षरं अशी म्हणतो जणू आपण ती शाळेत शिकलोय. यातल्या सीव्हीटीबद्दल आज सांगतो, पण नेहमीसारखा तक्ता देऊन नाही. ज्या माणसाने ही गोष्ट पहिल्यांदा साध्या, स्वस्त फॅमिली कारमध्ये बसवून दाखवली, त्याचं आयुष्य सांगतो. ते कळलं की सीव्हीटी कशी वागते आणि तशी का वागते, हे पाठ करायची गरजच उरत नाही.

त्यांचं नाव हूब फान डोर्न. नेदरलँड्समध्ये हे नाव घराघरात माहीत आहे, आपल्याकडे मात्र इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

हूबचा जन्म 1 जानेवारी 1900 चा. गावाचं नाव अमेरिका! खोटं नाही, नेदरलँड्सच्या लिम्बर्ग भागात या नावाचं एक छोटं खेडं खरंच आहे. वडील लोहार. पुढे कुटुंब डर्न गावात राहायला आलं. हूब लहान असतानाच वडील गेले आणि पोराला लवकर कामाला लागावं लागलं. कॉलेज, डिग्री असलं काही नाही. शिक्षण झालं ते भट्टीसमोर आणि वर्कशॉपमध्ये, हातात लोखंड घेऊन.

कारखाना सुरू झाला तो एका बिघडलेल्या गाडीमुळे. आइंडहोवन शहरात एका बिअरच्या कारखान्याचे मालक होते, ह्यूंगेस नावाचे. त्यांच्याकडे स्टर्न्स-नाइट ही भारी अमेरिकन कार होती. ती हूबनी नीट करून दिली. मालक इतके खूश झाले की त्यांनी हूबना स्वतःचा धंदा काढायला भांडवल दिलं आणि आपल्याच आवारात जागाही दिली. 1 एप्रिल 1928 ला वर्कशॉप सुरू झालं. थोड्याच काळात भाऊ विम सोबत आला. हूब यंत्रांचं बघायचे, विम पैशांचं. मला वाटतं, प्रत्येक स्टार्टअपला असा एक विम लागतो.

मग जागतिक मंदी आली. कामं आटली, तेव्हा 1932 च्या सुमारास त्यांनी ट्रकमागे जोडायचे ट्रेलर बनवायला घेतले. तेव्हाचे ट्रेलर रिबिट ठोकून बनायचे, यांनी वेल्डिंग करून बनवले. वजन कमी झालं, म्हणजे तेवढाच माल जास्त नेता यायला लागला. कंपनीच्या नावात डच भाषेतला ट्रेलरचा शब्द आला आणि आद्याक्षरं जुळून झालं डाफ. हायवेवर कधी युरोपातले व्हिडिओ बघताना डाफ लिहिलेले अवाढव्य ट्रक दिसले असतील, तीच ही कंपनी. ट्रक मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 पासून बनायला लागले.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनांनी देश व्यापलेला असताना डाफने एकाच माणसाची, तीन चाकांची एक चिमुकली गाडी बनवून बघितली. इतकी अरुंद की घराच्या दारातून आत नेता यावी. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'चालता रेनकोट'. जुलै महिन्यात पुण्या-मुंबईत दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्या कुणालाही या नावामागचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. ती विक्रीला कधी आली नाही, पण साध्या माणसाची छोटी गाडी हा विषय हूबच्या डोक्यात होता हे त्यावरून दिसतं.

ट्रक कंपनीत कारचं खूळ

1950 च्या दशकात डाफचा ट्रकचा धंदा जोरात होता. तरीही हूबना कार बनवायची होती, आणि तीही बिनगिअरची. डच कुटुंबं तेव्हा सायकल आणि मोपेडवरून पहिल्यांदाच कारकडे वळत होती. त्यांच्यासाठी क्लच दाबा, गिअर टाका, हळूच क्लच सोडा, हा सगळा व्याप कशाला?

आता तुम्ही म्हणाल, ऑटोमॅटिक तर अमेरिकेत आधीच होती. हो, होती. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये ती विकायला काढली होती. पण तिथे ताकद तेलातून पुढे जायची आणि त्यात थोडी वाया जायची. मोठ्या अमेरिकन इंजिनाला ते परवडायचं. सहाशे सीसीच्या इंजिनाकडे वाया घालवायला ताकद असतेच कुठे? शिवाय ती यंत्रणा महाग आणि जड. थोडक्यात, श्रीमंतांची सोय लहान करून गरिबांच्या गाडीत बसत नव्हती. दुसराच रस्ता शोधायला हवा होता.

तो रस्ता सापडला कारखान्यातच. तेव्हा बरीच यंत्रं पट्ट्यावर चालायची. लोहारकामात वाढलेल्या हूबच्या मनात आलं, यंत्र पट्ट्यावर चालतं तर कार का नाही?

पट्टा आणि कमी-जास्त होणाऱ्या पुल्या ही कल्पना जगात आधीपासून होती. अमेरिकेत मिल्टन रीव्ह्ज या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच तसले प्रयोग केले होते. पण ती टिकाऊ करून, हजारोंनी बनेल अशा कौटुंबिक कारमध्ये बसवणं वेगळं. ते हूब आणि त्यांच्या इंजिनिअरांनी केलं. नाव ठेवलं व्हॅरिओमॅटिक.

ती चालते कशी? दोन बशा पाठीला पाठ लावून धरा, मध्ये व्ही आकाराची खाच तयार होते. ही झाली पुली. अशा दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. बशा जवळ आणल्या की पट्टा खाचेत वर सरकतो, म्हणजे पुली 'मोठी' झाली. लांब नेल्या की पट्टा आत बुडतो, पुली 'लहान' झाली. पुढची मोठी होत जाते तशी मागची लहान होते, आणि गाडी कुठेही न थांबता, न अडखळता वेग घेते. फोनचा आवाज बटणाने वाढवला तर टप्प्याटप्प्याने वाढतो, तो झाला गिअर. ब्राइटनेसची पट्टी बोटाने सरकवली की उजेड सलग वाढतो, ती झाली सीव्हीटी.

हे सरकवायचं कोणी? तेव्हा सेन्सर नव्हते, चिप नव्हती. पुलीत वजनं बसवलेली. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जायची आणि बशा जवळ ढकलायची. सोबत इंजिनच्या हवा ओढण्यातून तयार होणारी पोकळी वापरून गाडीवर भार किती आहे ते ओळखलं जायचं. एक सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला याचा हेवा वाटतो. एकही ओळ कोड नाही, आणि तरी गाडी विचार करते!

फेब्रुवारी 1958 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात डाफ 600 लोकांसमोर आली. दोन सिलिंडर, 590 सीसी, हवेने थंड होणारं इंजिन, 22 हॉर्सपॉवर, ताशी साधारण 90 किलोमीटर. आपल्या टाटा नॅनोच्या 624 सीसी इंजिनाशी ताडून बघा, म्हणजे आकार लक्षात येईल. गिअरच्या जागी एक छोटी दांडी. पुढे ढकलली की गाडी पुढे, मागे ओढली की मागे. बस्स. लोकांनी हजारोंनी ऑर्डर दिल्या आणि 1959 पासून गाड्या रस्त्यावर यायला लागल्या.

सोपं म्हणजे कमीपणाचं?

इथे गोष्ट जरा कडू होते. गाडी चालवायला सोपी होती, म्हणून ती म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी पसंत केली. आणि त्यांनी पसंत केली, म्हणून ती बाकीच्यांच्या चेष्टेचा विषय झाली. पट्ट्यावरून विनोद झाले, चालवणाऱ्यांवरून झाले. आपल्याकडे नॅनोला 'स्वस्त' हा शिक्का जसा जड गेला, तसा डाफला 'सोपी' हा शिक्का जड गेला.

हा शिक्का अजून पुसलेला नाही. माझी आई बावीस वर्षं स्कूटरवरून नोकरीला गेली. पावसात, खड्ड्यांतून, मागे मला बसवून. पण घरातली कार कायम बाबांची, कारण क्लच-गिअरचं तिचं कधी जमलं नाही. यंदा ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं तेव्हा एक काका म्हणाले, त्यात ड्रायव्हिंगची मजा नाही रे. मजा कोणाची, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आणि गंमत बघा. आई ज्या स्कूटरवर बावीस वर्षं बसली, तिच्या डाव्या बाजूच्या कव्हरखाली काय होतं? दोन पुल्या आणि एक रबरी पट्टा. तीच व्हॅरिओमॅटिकची जातकुळी. 1984 साली फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही यंत्रणा आहे. सीव्हीटी ही नवी, नाजूक, परदेशी भानगड आहे असं कोणी सांगितलं तर त्याला पार्किंगमधली स्कूटर दाखवा.

हूबच्या कंपनीने चेष्टेला उत्तर दिलं ते शर्यतीत उतरून. फॉर्म्युला 3 मध्ये व्हॅरिओमॅटिक लावलेल्या गाड्या पळवल्या. 1968 च्या लंडन ते सिडनी मॅरेथॉनमध्ये डाफ 55 उतरली. ही शर्यत काबूल, दिल्ली करत आपल्या मुंबईत आली होती. इथून गाड्या बोटीत चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. पट्ट्यावर चालणारी, म्हाताऱ्यांची म्हणून हिणवलेली ती डाफ सिडनीपर्यंत पोचली.

अजून एक विचित्र गोष्ट. पट्ट्याला दिशा नसते. म्हणून या गाड्या उलट्याही जवळजवळ तेवढ्याच वेगात पळायच्या! पुढे डच लोकांनी रिव्हर्समध्ये शर्यती भरवल्या आणि त्यात बऱ्याच जुन्या डाफ भंगारात गेल्या.

शेवटचं काम

1965 मध्ये हूब कंपनीच्या कारभारातून बाजूला झाले. लिम्बर्गमधल्या कोळशाच्या खाणी बंद होत होत्या, तिथे बॉर्न गावात डाफचा नवा कार कारखाना उभा राहिला. पण छोट्या कंपनीला कारचा खर्च झेपेना. 1972 मध्ये स्वीडनच्या व्होल्व्होने कार विभागात हिस्सा घेतला आणि 1975 मध्ये ताबाच घेतला. डाफ नावाची कार संपली.

दुसरा कोणी असता तर नातवंडांत रमला असता. हूब सत्तरी ओलांडल्यावर मूळ दुखण्यावर काम करत बसले. रबरी पट्टा मोठ्या इंजिनाची ताकद पेलत नव्हता. मोठा करावा तर जागा खूप लागायची. उत्तर होतं पोलादी पट्टा, आणि तो ओढणारा नाही तर ढकलणारा!

कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, माहितीये ना? डबे एकमेकांना टेकून वर ढकलले जातात. या पट्ट्यात तसंच होतं. पोलादाच्या शेकडो पातळ चकत्या पोलादी कड्यांत ओवलेल्या असतात. पुढची पुली चकत्यांना दाबून ढकलते, त्या पुढच्यांना, आणि ताकद दुसऱ्या पुलीपर्यंत पोचते. ओढण्यात पट्टा ताणून तुटतो, ढकलण्यात पोलाद एकमेकांवर रेलून उभं राहतं. यासाठी 1970 च्या दशकात वेगळी कंपनीच निघाली.

हूब 23 मे 1979 ला डर्नमध्ये वारले. त्यांचा पोलादी पट्टा बाजारात आला 1987 मध्ये, सुबारूच्या जस्टी या छोट्या कारमधून. पाठोपाठ फोर्ड फिएस्टा आणि फियाट उनो. 1995 मध्ये बॉशने ती पट्ट्याची कंपनी विकत घेतली. आज होंडा अमेझ, निसान मॅग्नाइट किंवा रेनो कायगरची सीव्हीटी तुम्ही चालवता, तेव्हा मूळ कल्पना याच घराण्यातली असते.

मग आता घ्यायचं काय? माझं मत सांगतो. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी मोटर चालवते. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत ती आणली आणि ऑटोमॅटिक खऱ्या अर्थाने सामान्यांच्या आवाक्यात आली. मॅन्युअलपेक्षा साधारण 50,000 रुपये जास्त पडतात. गिअर बदलताना एक हलका झोका बसतो, वाहतुकीत तो जाणवतो. सीव्हीटीला सहसा त्याहून बरेच जास्त पैसे जातात, पण झोका नाहीच, कारण बदलायला गिअरच नाही. मात्र ओव्हरटेकला पाय दाबलात तर आधी इंजिन ओरडतं आणि मग गाडी निघते. बिघाड समजून घाबरू नका, पट्टा सरकतोय. हेही लक्षात ठेवा की सीव्हीटीचं तेल कंपनीने सांगितलेलंच आणि वेळेवर बदलायचं. तिथे काटकसर महागात पडते.

घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर राहू नका, एल किंवा एस मोड असेल तर तो लावा, म्हणजे इंजिनच गाडी अडवून धरेल. डाफ 600 मध्येही यासाठी डॅशबोर्डवर एक बटण होतं! टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची मोकळी चक्कर पुरत नाही. जवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा निघून बघा, आणि गाडी जो सगळ्यात जास्त चालवणार आहे त्यालाच स्टिअरिंगवर बसवा. आमच्याकडे आईने तिन्ही गाड्या चालवल्या, बाबा मागे बसले.

कधी आइंडहोवनला गेलात तर डाफचं म्युझियम आहे. बिअर कारखान्याच्या ज्या आवारात हूबनी 1928 मध्ये काम सुरू केलं, तिथेच. तो चालता रेनकोटही तिथे बघायला मिळतो.