विश्लेषण : इंधनाविना फिरणाऱ्या चाकापासून विजेवरच्या मोटारीपर्यंत… भास्कराचार्यांची कल्पना आज कुठे पोहोचली?

पाण्यावर धावणारी मोटार, चुंबकांवर अखंड फिरणारे चाक, एकदा ढकलले की कधीच न थांबणारे जनित्र... असे व्हिडिओ मोबाइलवर दर काही दिवसांनी फिरत असतात. त्यावर विश्वास ठेवून पैसे गुंतवणारेही भेटतात. ही कल्पना मात्र नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या भास्कराचार्यांनी साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी पाऱ्यावर आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन लिहून ठेवले. आज इंधनाशिवाय चालणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात जगभर त्यांचे नाव घेतले जाते. पण भास्कराचार्यांचे मोठेपण त्या चाकात होते का? आणि आजच्या विजेवरच्या, स्वतः ब्रेक लावणाऱ्या गाडीत त्यांच्या विचाराचा नेमका कोणता भाग उतरला आहे?

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवले आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे गाव कोणते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी बीड म्हणतात, कोणी विजापूर, तर कोणी पाटणचा परिसर. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती (अंकगणित व भूमिती), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. ऋण संख्या, वर्गसमीकरणे आणि शून्याने भागल्यास काय होते याचा विचार, तसेच ‘चक्रवाल’ ही अवघड समीकरणे सोडवण्याची पद्धत यांत आढळते. लीलावती ही त्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती अडकल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चार शतकांनी.

खानदेशशी नाते कसे?

चाळीसगावच्या दक्षिणेला, आज गौताळा अभयारण्यात येणाऱ्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटणादेवीचा परिसर आहे. तिथल्या देवळातील संस्कृत शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला. इ. स. १२०७ च्या या लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. याच चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणला मठ स्थापला. स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. लेखाच्या शेवटी दानांचा तपशील जुन्या मराठीत आहे. गिरणाकाठच्या बहाळ येथील १२२२ च्या लेखातही याच घराण्यातील अनंतदेव या ज्योतिषाचा उल्लेख येतो. जन्मगावाचा वाद काहीही असो, भास्कराचार्यांचे गणित शिकवण्यासाठी खास उभारलेली संस्था खानदेशात होती, हे दगडावर कोरलेले आहे.

‘स्वयंवह’ यंत्र म्हणजे काय?

गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शंकू, घटी, चक्र, फलक अशी वेळ आणि आकाशस्थ गोलांचे स्थान मोजण्याची साधने येतात. त्याच ओघात ‘स्वयंवह’, म्हणजे स्वतःहून फिरणारी यंत्रे सांगितली आहेत. पहिल्या प्रकारात हलक्या लाकडाचे चाक घ्यायचे, त्याला समान अंतरावर सारख्याच पोकळीच्या नळ्या किंचित तिरप्या बसवायच्या, त्या पाऱ्याने अर्ध्या भरून बंद करायच्या आणि चाक दोन खांबांवर टेकवायचे. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या धावेत खाच करून ती ताडपत्र व मेणाने बंद करायची आणि आत निम्मे पाणी व निम्मा पारा भरायचा. तिसऱ्या प्रकारात वाकड्या तांब्याच्या नळीतून कुंडातले पाणी बाहेर काढून चाकाला बांधलेल्या भांड्यांवर सोडायचे.

ही कल्पना मुळात भास्कराचार्यांची नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये पाऱ्याच्या चाकाचे वर्णन केले होते, लल्लानेही स्वयंवह यंत्र सांगितले होते. शिवाय यातले एकही यंत्र माणसाला वाहून नेण्यासाठी नव्हते. आकाशाच्या गतीबरोबर फिरून वेळ दाखवणारे साधन, असा त्यांचा हेतू होता. त्यामुळे भास्कराचार्यांनी मोटारीची कल्पना केली होती, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ही यंत्रे वर्णन करून झाल्यावर भास्कराचार्य स्वतःच बजावतात, की हा प्रकार कुहकविद्येचा, म्हणजे हातचलाखीचा आहे. खगोलाच्या शास्त्राशी त्याचा संबंध नाही. पूर्वीच्या आचार्यांनी सांगितले म्हणून आपणही सांगितले. सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र त्यांच्या मते वेगळेच होते : धीयंत्र, अर्थात बुद्धी.

ते चाक फिरत का राहत नाही?

नळ्या तिरप्या असल्याने चाकाच्या एका बाजूला पारा अक्षापासून दूर सरकतो. त्या बाजूचा जोर जास्त, म्हणून चाक फिरत राहील, असा हिशेब दिसतो. पण दुसऱ्या बाजूला पारा अक्षाच्या जवळ असला तरी एकूण तोल बरोबरीत येतो. पूर्ण फेरीनंतर पाऱ्याचा प्रत्येक थेंब होता त्याच उंचीवर परततो. धान्याचे पोते माळ्यावर चढवताना जेवढी ऊर्जा खर्ची पडते, तेवढीच ते खाली येताना मिळते; त्याहून चिमूटभरही अधिक नाही. वर अक्षाचे घर्षण आहेच. त्यामुळे चाक थोडे झुलते आणि थांबते. पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तू स्वतःकडे ओढून घेते, हे भास्कराचार्यांनी याच गोलाध्यायात लिहिले आहे. पण ऊर्जेचा जमाखर्च मांडायला जगाला आणखी सात शतके लागली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नेमकेपणाने मांडला.

तिसऱ्या प्रकारचे चाक मात्र खरोखर फिरते, कारण त्याला वरून पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा मिळते. कुंडात पाणी आहे तोवर ते चालते. म्हणजेच ते स्वयंवह नाही. त्याचे इंधन दुसरीकडून येते.

विज्ञानकथांतील मोटार आणि आजची मोटार

युरोपात तेराव्या शतकात विलार द ऑनकूर या फ्रेंच कारागिराने अशाच आपोआप फिरणाऱ्या चाकाचे चित्र काढून ठेवले. पुढे ही ओढ कथाकादंबऱ्यांत उतरली. ज्यूल व्हर्नने १८६३ मध्ये लिहिलेल्या विसाव्या शतकातील पॅरिसवरच्या कादंबरीत घोड्यांशिवाय, वायूच्या इंजिनावर धावणाऱ्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात. प्रकाशकाने ती नाकारली. ती छापली गेली १९९४ मध्ये. १८७५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या दुसऱ्या कादंबरीतील एक पात्र, पुढे पाणीच कोळशाची जागा घेईल, असे भाकीत करते. आयझॅक असिमॉव्हने १९५३ मधील ‘सॅली’ या कथेत स्वतःचा मेंदू असलेल्या, चालकाविना धावणाऱ्या मोटारी रंगवल्या.

यातले बरेचसे घडले. हायड्रोजनवर चालणारी टोयोटा मिराई २०१४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि २०२२ मध्ये भारतात तिचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्को येथे वेमोच्या चालकरहित टॅक्सी प्रवासी नेतात. पण व्हर्नच्या पात्राचे भाकीत अर्धेच खरे ठरले. पाणी हे इंधन नाही. ते जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. त्यातून हायड्रोजन पुन्हा वेगळा काढायला जेवढी ऊर्जा लागते, ती गाडीत परत मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्तच असते. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीचे दावे इथेच कोसळतात.

विजेवरच्या गाडीत ‘स्वयंवह’ काही आहे का?

ब्रेक लावला की विजेवरच्या गाडीची मोटर जनित्रासारखी काम करते आणि चाकांची ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत भरते. कन्नड घाट उतरताना बॅटरीची टक्केवारी वाढलेली दिसते, ती यामुळेच. ही फुकटची वीज नव्हे. घाट चढताना खर्च झालेल्या ऊर्जेचा तो परतावा आहे आणि तो नेहमी खर्चापेक्षा कमीच असतो. विजेवरची गाडी सरस ठरते ती काटकसरीमुळे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो. विजेच्या मोटरमध्ये बराच मोठा भाग पोहोचतो.

पण ही वीज येते कुठून? खानदेशात याचे उत्तर डोळ्यांना दिसते. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात कोळसा जळतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. धुळे किंवा जळगावातून महामार्गावर निघालेली विजेवरची गाडी धूर सोडत नाही. पण तिचे कुंड यांपैकी कुठेतरी भरलेले असते.

लीलावतीच्या धर्तीवर एक हिशेब करता येईल. गाडीच्या छतावर दोन चौरस मीटर सौरपट्टी बसवली. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते आणि पट्टी तिच्यातील २० टक्के पकडते. म्हणजे ४०० वॉट. असे कडक ऊन पाच तास मिळाले तर दोन युनिट वीज. एका किलोमीटरला ०.१५ युनिट लागत असेल तर गाडी साधारण १३ किलोमीटर जाईल. जळगावच्या मे महिन्यातील उन्हातही छतावरच्या पट्टीचा आधार एवढाच. जळगावहून भुसावळला पोहोचायलाही तो पुरणार नाही.

मग आजच्या मोटारीत भास्कराचार्य कुठे आहेत?

ते चाकात नाहीत, चाकाचा वेग मोजणाऱ्या गणितात आहेत. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश सरकतो, पण त्याचा वेग दिवसभर सारखा नसतो. तिथी नेमकी कधी संपते हे काढताना दिवसाची सरासरी चालत नाही. त्या क्षणाचा वेग हवा. भास्कराचार्यांनी त्याला ‘तात्कालिक गती’ म्हटले आणि ती काढण्याची रीत दिली. ग्रहाचे अंतर जिथे सर्वाधिक होते तिथे त्याच्या बदलाचा वेग शून्य होतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या कलनशास्त्राच्या पाच शतके आधी टाकलेले हे पाऊल होते, पूर्ण शास्त्र नव्हे. मूळचे पुण्याचे असलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये याकडे पाश्चात्त्य विद्वानांचे लक्ष वेधले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी शिक्षकी केलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि भास्कराचार्यांचे कार्य मराठी वाचकांपुढे सविस्तर ठेवले.

आजच्या गाडीला हीच क्षणाक्षणाची गती लागते. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक वेग मोजतो. एखाद्या चाकाचा वेग एकाएकी घटू लागला, तर ते घसरण्याच्या बेतात आहे हे ओळखून एबीएस यंत्रणा ब्रेकचा दाब सैल करते. पुढच्या वाहनाचे अंतर आणि दोघांच्या वेगातील फरक यांवरून धडक किती सेकंदांत होईल हे संगणक काढतो आणि चालकाआधी ब्रेक लावतो. इथे सरासरी वेग कुचकामी असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे गेलेली असते.

शेवटची वर्षे आणि वारसा

भास्कराचार्य उतारवयातही हिशेब सोपे करण्यात गुंतले होते. इ. स. ११८३ च्या सुमारास, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांना उपयोगी ग्रंथ रचला. १९७९ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या ‘भास्कर-१’ उपग्रहाला त्यांचे आणि सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचे नाव देण्यात आले. २०१४ मध्ये त्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली.

चांगदेवाने पाटणचा मठ उभारला तो आजोबांचे गणित शिकवण्यासाठी. आपोआप फिरणाऱ्या चाकाचा अभिमान बाळगणे सोपे आहे, पण खुद्द ग्रंथकर्त्यानेच ते चलाखीच्या खात्यात टाकले होते. इंधनाविना चालणारी गाडी विकायला कोणी आले, तर त्याला पहिला प्रश्न भास्कराचार्यांच्या तिसऱ्या यंत्रावरून विचारावा : कुंड कुठे आहे आणि ते कोण भरते? उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.