देवकीनंदन खत्री : वाचकांचा कौल आणि समीक्षेचा निवाडा

हिंदी कादंबरीच्या इतिहासकारांपुढे देवकीनंदन खत्री यांनी एक कायमची अडचण उभी करून ठेवली आहे. त्यांना वगळावे, तर हिंदीला एवढा वाचक कोठून लाभला हे सांगता येत नाही. सामावून घ्यावे, तर साहित्याची रूढ व्याख्या सैल करावी लागते. रहस्यप्रधान कादंबरीच्या संदर्भात वाचकांच्या मताला किती मोल द्यावयाचे, हा प्रश्न म्हणूनच त्यांच्या चरित्रापासून वेगळा काढता येत नाही.

खत्रींचा जन्म १८६१ साली बिहारमधील पूसा येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे पंजाबातील. वडील लाला ईश्वरदास हे काशीचे रहिवासी. प्रारंभीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले; हिंदी व संस्कृत यांचा परिचय पुढे काशीत झाला. तरुणपणी गयेजवळच्या टिकारी संस्थानाशी त्यांचा व्यवहार होता. तेथून परतल्यावर काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. या ठेक्याने त्यांना डोंगर, दऱ्या, धबधबे, पडके किल्ले आणि ओसाड वाडे पायांखाली घालावयास लावले. ठेका सुटला, पण तो प्रदेश मनातून सुटला नाही.

१८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ प्रकाशित होऊ लागली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि चुनारगढचा शिवदत्त यांची ही कथा. ऐयार आणि तिलिस्म या दोन्ही कल्पना फारसी-उर्दू दास्तानांतून आलेल्या आहेत. परंतु खत्रींनी त्यांना नकाशावर दाखविता येईल अशी भूमी दिली. दास्तानातील तिलिस्म जादूवर चालतो. खत्रींचा तिलिस्म बहुतांशी कळ, चक्र, भुयार आणि औषधी यांवर चालतो. चमत्काराला कारण असते आणि ते शोधून काढता येते, हा विश्वास येथे वाचकाच्या मनात रुजतो. रहस्यकथेची पहिली अट हीच होय.

पुढील ‘चंद्रकांता संतति’त हे स्थित्यंतर अधिक स्पष्ट होते. भूतनाथ हा ऐयार स्वतःच्या पूर्वायुष्याला भितो. जुनी कृत्ये थोडीथोडी उघडकीस येतात आणि कथेचा केंद्रबिंदू गुप्त खजिन्याकडून गुप्त अपराधाकडे सरकतो. १९०० साली गोपालराम गहमरी यांनी ‘जासूस’ मासिक सुरू केले, तेव्हा त्यांच्या वाचकाची निम्मी तयारी खत्रींनी आधीच करून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९८ साली खत्रींनी काशीत लहरी प्रेस स्थापन केला. लेखक, मुद्रक आणि विक्रेता या तीनही नात्यांनी ते वाचकाच्या समोर उभे राहिले. त्यांची भाषाही या नात्यातून घडली. उर्दू जाणणाऱ्यास अडू नये आणि देवनागरी नुकती शिकलेल्यास जड जाऊ नये, असा मध्यम मार्ग त्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारला. याच काशीत १८९३ मध्ये नागरीप्रचारिणी सभा स्थापन झाली होती. सभेने लिपीसाठी अर्ज-विनंत्या केल्या. खत्रींनी लिपी शिकण्याचा मोह निर्माण केला. त्यांच्या कादंबऱ्या वाचण्यासाठी असंख्य लोक हिंदी शिकले, ही गोष्ट रामचंद्र शुक्लांसारख्या कठोर इतिहासकारानेही मान्य केली. मात्र त्याच शुक्लांनी या कृतींना साहित्याच्या कोटीत स्थान दिले नाही.

मराठीशी तुलना केल्यास काळाची उलटापालट दिसते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ ची, म्हणजे खत्रींच्या जन्मवर्षातली. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली, तेव्हा मराठीत अद्भुताचा बहर ओसरत होता. हिंदीत तो नुकता येत होता. मराठीला रहस्यकथेचा विशाल वाचकवर्ग मिळाला तो नंतर, बाबुराव अर्नाळकरांमुळे. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या वाट्यालाही वाचकांचे प्रेम आणि समीक्षकांचे मौन, अशीच वाटणी आली.

जपानमध्ये हा पेच वेगळ्या रीतीने सुटला. १९२३ साली पहिली रहस्यकथा प्रसिद्ध करणारे एदोगावा राम्पो स्वतःच्या लोकप्रिय धारावाहिक कादंबऱ्यांविषयी असमाधानी होते. परंतु त्यांनी या प्रकाराचे शास्त्र मांडले, युक्त्यांचे वर्गीकरण केले, १९४७ मध्ये लेखकांची संघटना उभारली. १९५५ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कारही दिला जाऊ लागला. तेथे वाचकांच्या मताला समीक्षेची भाषा मिळाली. खत्रींना असा भाष्यकार त्यांच्या हयातीत लाभला नाही.

१९१३ साली खत्रींचे निधन झाले, तेव्हा ‘भूतनाथ’ अपूर्ण होती. ती पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. पुढे काशीजवळच्या लमहीचे प्रेमचंद उर्दूतून हिंदीकडे वळले, ते हिंदीत वाचक आहे म्हणून. हा वाचक ज्यांनी घडविला त्यांत खत्रींचा वाटा मोठा होता. ज्या कृतींनी वाचक घडविला त्यांना साहित्याबाहेर ठेवावयाचे आणि त्या वाचकावर उभ्या राहिलेल्या कृतींना मात्र साहित्य म्हणावयाचे, हा निवाडा आता पुन्हा तपासून पाहिला पाहिजे.