पार्श्वसंगीताविना सिनेमा! १९३७च्या ‘कुंकू’त केशवराव भोळेंनी नेमकं काय केलं?

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या गावात पिठाच्या गिरणीची घरघर, हलगीचा ताल किंवा भजनातले टाळ आज कुणीही मोबाईलवर टिपून रील बनवू शकतो. रोजच्या आवाजांतून घडणाऱ्या या प्रकाराला ध्वनिकला म्हणतात. मराठी सिनेमात त्याच्या जवळ जाणारा प्रयोग १९३७ मध्येच झाला होता. त्याचे संगीतकार होते केशवराव भोळे.

केशवराव भोळे कोण होते?
जन्म १८९६, अमरावती. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईत आले, पण गाण्याच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण सुटलं. घरच्यांनी ठरवलेली वाट सोडून रंगभूमीवर जाणं तेव्हा सोपं नव्हतं. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी त्यांनी संगीतावर परखड लेखनही केलं.

वेगळेपण कधी दिसलं?
१९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं. संगीत नाटकांत पदांची रेलचेल असण्याचा तो काळ. इथे मात्र गाणी मोजकी आणि प्रसंगाला धरून होती. पत्नी ज्योत्स्ना भोळे यांची त्यात भूमिका होती. पुढे केशवराव पुण्याच्या प्रभात कंपनीत गेले. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये त्यांनी टाळ, मृदंग आणि वीणेचा वारकरी बाज पडद्यावर आणला.

‘कुंकू’त काय घडलं?
व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ची कथा जरठ-विवाहाची. वयस्क वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा हे नातं मान्य करत नाही. शांता आपटे यांनी ही भूमिका केली. चित्रपटात गाणी होती, पण प्रसंग गडद करायला पार्श्वसंगीत नव्हतं. त्या जागी होते घरातले आणि आसपासचे आवाज. संगीतकाराने स्वतःचं काम मागे घ्यायचं, हा मोठा धोका होता. प्रेक्षकांना चित्रपट कोरडा वाटला असता, तर दोष संगीतावर आला असता. पण ‘कुंकू’ गाजला. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ नावाने आला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

याचं महत्त्व काय?
पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी रेल्वेच्या ध्वनिमुद्रणांतून स्वतंत्र संगीतरचना केली ती १९४८ मध्ये, म्हणजे ११ वर्षांनंतर. दोन्ही प्रयोग सारखे नाहीत. शेफर यांच्याकडे आवाज हेच संगीत होतं, तर ‘कुंकू’त आवाज कथेसाठी होते. मात्र साध्या आवाजातही अर्थ असतो, हा विश्वास दोन्हीकडे होता.

पुढे काय झालं?
‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०), ‘रामशास्त्री’ (१९४४) यांचं संगीतही त्यांचंच. आपल्या कामाचा हिशेब त्यांनी ‘माझे संगीत’ या पुस्तकात मांडला. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘कुंकू’ पुन्हा पाहाल तेव्हा हेडफोन लावा आणि गाण्यांच्या मधल्या जागा ऐका. केशवरावांचा निर्णय तिथेच कळतो.