बेडकांसाठी भांडलेले मुंबईकर : हुमायून अब्दुलअली

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरं ज्या साष्टी बेटावर वसलीत, तिथल्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद १९३० च्या दशकात दोघांनी केली. एक सलीम अली, दुसरे त्यांच्याच नात्यातले हुमायून अब्दुलअली. पहिलं नाव सगळ्यांना माहीत, दुसरं मागे पडलं.

हुमायून यांचा जन्म १९१४ चा, जपानमधल्या कोबे शहरातला. शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्समध्ये. शिकारीचाही नाद होता. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं मानद सचिवपद अनेक वर्षं निभावलं. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. देशाचा कायदा आला थेट १९७२ मध्ये.

पुढची लढाई बेडकांसाठी. पावसाळ्यात पकडलेल्या बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या, देशाला परकीय चलन मिळायचं. पण बेडूकच संपले तर शेतातली कीड खाणार कोण? निर्यातीविरुद्ध ते नेटाने बोलत राहिले. अखेर १९८७ मध्ये बंदी आली.

२००१ मध्ये हुमायून गेले. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दुर्बीण घेऊन पक्षी नोंदवणारे हौशी लोक तेच काम पुढे नेतायत, तेही बिनपगारीच.