दोन भाषांच्या मधला माणूस : सोल प्लाइकी

वसाहतकालीन दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयांत न्यायाधीश इंग्रज, फिर्यादी डच बोलणारा शेतकरी आणि आरोपी सेत्स्वानाभाषक, असे दृश्य नवलाचे नव्हते. मध्ये उभा असे तो दुभाष्या. त्याचा एक शब्द चुकला, तर निरपराध माणूस तुरुंगात जाई. सोल प्लाइकी यांनी १८९८ मध्ये मॅफेकिंगच्या न्यायालयात ही जबाबदारी स्वीकारली, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते.

१८७६ मध्ये जन्मलेल्या प्लाइकींचे शालेय शिक्षण जेमतेम. परंतु इंग्रजी, डच, जर्मन, खोसा यांसह अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या. बोअर सैन्याने मॅफेकिंगला २१७ दिवस वेढा घातला, त्या काळात कृष्णवर्णीय हेरांनी आणलेल्या बातम्या ते इंग्रज अधिकाऱ्यांसाठी भाषांतरित करून टंकलिखित करीत. दुभाष्याच्या कामावर त्यांनी पुढे निबंधही लिहिला. न्याय भाषांतरावर अवलंबून असतो, हे त्यांनी रोजच्या अनुभवातून जाणले होते.

१९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्य झाले. राजभाषा दोनच, इंग्रजी आणि डच. बहुसंख्य प्रजेच्या भाषांना कारभारात स्थान नव्हते. १९१३ चा जमीन कायदा या पार्श्वभूमीवर आला. देशाच्या सुमारे ७ टक्के राखीव भूमीबाहेर आफ्रिकी माणसाला जमीन विकत वा खंडाने घेण्यास त्याने मनाई केली. ज्यांची घरे गेली, त्यांतील बहुतेकांना कायद्याचा मजकूर वाचताही येत नव्हता. आफ्रिकी राष्ट्रीय काँग्रेसच्या पूर्वावताराचे पहिले सरचिटणीस असलेले प्लाइकी सायकलवरून खेडोपाडी हिंडले. जनावरे घेऊन रस्त्यावर आलेली बिऱ्हाडे त्यांनी पाहिली. एका कुटुंबाने तर वाटेत दगावलेले मूल रात्रीच्या अंधारात परक्याच्या जमिनीत पुरले होते.

सरकारचे शब्द लोकांपर्यंत नेणाऱ्या या दुभाष्याने आता उलट दिशेने काम केले. १९१४ मध्ये ते शिष्टमंडळासह लंडनला गेले. दाद मिळाली नाही. सहकारी परतले, प्लाइकी मात्र तेथेच राहिले आणि १९१६ मध्ये त्यांनी लोकांची कैफियत इंग्रजी ग्रंथरूपाने मांडली. कायदा तरीही टिकला. तो रद्द व्हायला १९९१ साल उजाडले.

उत्तरायुष्यात त्यांनी शेक्सपिअरची नाटके सेत्स्वानात आणली. १९ जून १९३२ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ‘ज्युलियस सीझर’चे भाषांतर १९३७ मध्ये छापले गेले, अन्य काही हस्तलिखिते मात्र गहाळ झाली.