दारा खुरोडी: मुंबईच्या चाळींपर्यंत बाटलीतलं दूध पोहोचवणारा अधिकारी

हिंदमाता आणि पाणी म्हटलं की आज पावसाळ्यातले फोटो आठवतात. 1940 च्या दशकात मात्र दादर, परळ, लालबागच्या घरांत पाण्याची तक्रार वेगळी होती. पाणी दुधात असायचं.

तेव्हा शहराच्या दाट वस्तीतच म्हशींचे तबेले होते. शेणामुतात उभी जनावरं, तिथेच धार काढायची, उघड्या भांड्यातून दूध घरोघरी. मुंबईच्या दुधाचा नमुना लंडनमध्ये तपासला तर तो तिथल्या गटारीच्या पाण्यापेक्षा घाण निघाला, असा किस्सा डेअरीच्या जगात अजूनही सांगतात.

पण घाणीपेक्षा मोठा घोळ हिशेबाचा होता. तबेलेवाले बाहेरगावाहून नुकती व्यालेली म्हैस विकत आणायचे. ती आटली की भाकड जनावर शहरात पोसणं परवडायचं नाही. मग म्हैस थेट कत्तलखान्यात, आणि रेडकू त्याच्याही आधी गेलेलं. म्हणजे गावाकडची चांगली दुभती जनावरं मुंबईत येऊन एका वेतात संपत होती.

हे चक्र मोडायला निघालेला माणूस म्हणजे दारा नसरवानजी खुरोडी. जन्म 1906 चा, पारशी कुटुंबातला. खासगी आणि सरकारी डेअऱ्यांमध्ये काम केल्यामुळे धंदा आतून माहीत. 1946 मध्ये ते मुंबईचे मिल्क कमिशनर झाले.

त्यांची पहिली युक्ती आजही आपल्या पिशवीवर छापलेली असते: टोन्ड मिल्क. म्हशीच्या दुधात साधारण 7 टक्के फॅट असतं. त्यात स्किम्ड मिल्क पावडर आणि पाणी मिसळून फॅट 3 टक्क्यांवर आणलं. एका लिटरचे दोन लिटर तर झालेच, वर किंमत जवळपास निम्मी. गिरणी कामगाराच्या घरात लहान मुलाला दूध परवडायला लागलं ते यामुळे. गंमत बघा, भेसळ रोखायला नेमलेल्या अधिकाऱ्यानेच दुधात पाणी घातलं. फरक इतकाच की मोजून आणि सांगून घातलं.

दुसरं काम त्याहून मोठं. गोरेगावजवळ सुमारे 1,300 हेक्टर जागेवर 1949 मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. हो, मेट्रो कारशेडच्या आंदोलनामुळे तुम्हाला माहीत असलेलं तेच आरे. शहरातल्या तबेल्यांमधल्या जवळपास 16,000 म्हशींची तिथे सोय करण्यात आली. जनावर मालकाचंच राहायचं. गोठा, पाणी, डॉक्टर, चारा यांची व्यवस्था सरकारची, आणि दूध सरकारलाच विकायचं. तिथेच ते पाश्चराइज होऊन बाटलीत भरलं जायचं आणि पहाटे गल्लोगल्लीच्या केंद्रांवर यायचं. दुधाचं कार्ड घेऊन रांगेत उभं राहायची सवय मुंबईच्या दोन पिढ्यांना लागली. अनेक केंद्रांवर पहाटेची ड्युटी कॉलेजची मुलं-मुली करायची, त्या पगारावर फी भरायची.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आरेचं दूध एवढ्या मोठ्या शहराला पुरणारं नव्हतंच. त्यामुळे खेडा जिल्ह्यातल्या आणंदहून रेल्वेने दूध यायचं, आणि सुरुवातीला त्याचा ठेका पोल्सन या खासगी कंपनीकडे होता. मुंबईला दूध मिळत होतं, शेतकऱ्याच्या हातात मात्र फारसं काही पडत नव्हतं. 1946 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी दूध देणंच बंद केलं. त्या संपातून उभा राहिलेला सहकारी संघ म्हणजे आजचं अमूल.

पुढे संघाचे वर्गीस कुरियन आणि खुरोडी यांचं वर्षानुवर्षं वाजत राहिलं. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात, पण मुंबई ते सगळं उचलायची नाही. शहराला बारा महिने सारखा पुरवठा हवा होता आणि तुटवडा परदेशी पावडरीने भरून निघत होता. मग उरलेल्या दुधाचं शेतकऱ्याने काय करायचं? त्याची पावडर करावी, असं आणंदचं म्हणणं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, यावर खुरोडी ठाम. 1955 मध्ये आणंदच्या कारखान्यात ती झाली. इथे खुरोडी सपशेल चुकले होते.

तरी त्यांना खलनायक ठरवणं अन्यायाचं आहे. कुरियन यांच्या आत्मचरित्रामुळे ती प्रतिमा पक्की झाली खरी. पण खुरोडींना नेमलं होतं शहरासाठी. परळच्या खोलीतल्या बाळाला स्वस्त आणि स्वच्छ दूध मिळतंय का, एवढंच ते बघत होते. आणंदचा शेतकरी त्यांच्या हिशेबात पुरवठादार होता, मालक नव्हे. स्थानिक अन्नव्यवस्था उभी करताना सरकारं आजही इथेच अडखळतात.

1963 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तो खुरोडी, कुरियन आणि संघाचे त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून. वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडलेली माणसं एकाच यादीत! पुढच्या वर्षी खुरोडींना पद्मभूषण मिळालं.

आरेमुळे मुंबईतले तबेले पूर्ण हटले असं मात्र झालं नाही. उपनगरांत ते चालूच राहिले. शहर वाढत गेलं तशी सरकारी योजना मागे पडली. 1983 मध्ये खुरोडी गेले. त्याच वर्षी गोरेगावातच राज्यातल्या सहकारी दूध संघांची महानंद डेअरी सुरू झाली, आणि शहराच्या दुधाच्या गाडीत अखेर महाराष्ट्रातला शेतकरीही मालक म्हणून बसला.