कॉपच्या पायऱ्यांवरचे शँक्ली

२८ एप्रिल १९७३. लिव्हरपूल शहरातील अॅनफिल्ड मैदानावर लेस्टरविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि लीगचे विजेतेपद यजमानांकडे आले. खेळाडू चषक घेऊन मैदानाला फेरी मारत होते. प्रेक्षकांतून भिरकावलेला एक लाल मफलर संघाचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांच्या दिशेने आला. बंदोबस्तावरच्या पोलिसाने तो बाजूला फेकून दिला. शँक्ली वळले, त्यांनी तो मफलर उचलून स्वतःच्या गळ्यात बांधला आणि त्या पोलिसाला तिथल्या तिथे फटकारले. हा मफलर कोणाचे तरी सर्वस्व असू शकते, एवढाच त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. त्या दिवशी मैदानावर चषक होता, छायाचित्रकार होते, संचालक मंडळ होते. शहराच्या आठवणीत मात्र तो मफलर राहिला.

विल्यम शँक्ली यांचा जन्म २ सप्टेंबर १९१३ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातल्या ग्लेनबक या खाणवस्तीत झाला. दहा भावंडांत ते नववे. पाच भाऊ, आणि पाचही व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. जेमतेम काही शे वस्तीच्या त्या गावाने सुमारे पन्नास व्यावसायिक खेळाडू दिले. गावच्या संघाचे नाव चेरीपिकर्स. याचे कारण हवापाण्यात शोधण्यात अर्थ नाही. खाणीतून वर येण्याचा दुसरा रस्ता त्या मुलांपुढे नव्हता. शँक्लींनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि ते कोळशाच्या खाणीत कामाला लागले. दोनेक वर्षांत खाण बंद पडली आणि बेकारी वाट्याला आली. पुढे ते गावही ओस पडून नकाशावरून जवळजवळ पुसले गेले. अंधारात एकमेकांच्या भरवशावर काम करणारी माणसे आणि शनिवारच्या सामन्याची सबंध आठवडा पाहिलेली वाट, ही शिदोरी मात्र त्यांनी जन्मभर बाळगली. पुढे ज्या गर्दीशी त्यांचे नाते जुळले, ती गोदीकामगारांची आणि कारखान्यांतल्या मजुरांची होती. ती त्यांना परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द चांगली, पण दंतकथा व्हावी अशी नव्हे. १९३२ मध्ये कार्लाईल युनायटेड, पुढच्याच वर्षी पाचशे पौंडांच्या मोबदल्यात प्रेस्टन नॉर्थ एंड, १९३८ मध्ये एफ. ए. चषक, स्कॉटलंडकडून पाच अधिकृत सामने, आणि मग महायुद्ध. उमेदीची वर्षे हवाईदलाच्या गणवेशात गेली. त्याच काळात नेसी यांची भेट झाली आणि १९४४ मध्ये विवाह. १९४९ साली बूट टांगून ते कार्लाईललाच व्यवस्थापक म्हणून परतले. तिथली एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. सामन्यापूर्वी ते ध्वनिक्षेपक हाती घेत आणि संघात कोणते बदल केले आहेत, का केले आहेत, हे प्रेक्षकांना थेट सांगत. आपण काय करतो याचा हिशेब तिकीट काढून आलेल्या माणसाला द्यायला हवा, हा विचार त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये जवळपास विक्षिप्तपणात मोडत असे. त्यानंतर ग्रिम्सबी, वर्किंग्टन आणि हडर्सफील्ड. तीनही ठिकाणी पैसा नव्हता, आणि पैसा नसल्याची चीड शँक्लींना फार लवकर येई.

डिसेंबर १९५९ मध्ये ते लिव्हरपूलला आले तेव्हा हा संघ १९५४ पासून दुसऱ्या श्रेणीत अडकून पडला होता. अॅनफिल्डची अवस्था दैन्याची होती आणि मेलवूड हे सरावाचे मैदान रानासारखे माजले होते. त्यांच्या पहिल्याच सामन्यात कार्डिफने लिव्हरपूलला घरच्या मैदानावर ४-० असे धुतले. शँक्लींनी बॉब पेस्ली, जो फेगन, रुबेन बेनेट हे जुने साहाय्यक कायम ठेवले आणि खेळाडूंपैकी बहुतेकांना हळूहळू निरोप दिला. १९६१ मध्ये इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स आले. धिप्पाड येट्सभोवती प्रदक्षिणा घालून पाहा, असे आमंत्रण त्यांनी वार्ताहरांना दिले होते. प्रसिद्धीची नस त्यांना नेमकी सापडलेली होती, हे मान्य करायला हवे. १९६२ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला.

पण हा लेख चषकांच्या यादीसाठी नाही. अॅनफिल्डच्या एका गोलामागे उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्यांचा प्रचंड उतार होता. त्याचे नाव स्पायन कॉप, लोकांच्या तोंडी नुसते कॉप. दक्षिण आफ्रिकेत जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात याच नावाच्या टेकडीवर लँकशायरच्या पलटणींतले कितीतरी सैनिक मारले गेले. १९०६ साली अॅनफिल्डचा उतार उभा राहिला, तेव्हा एका स्थानिक क्रीडा संपादकाने त्या मृतांच्या स्मरणार्थ हे नाव सुचवले. त्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी रुग्णसेवा पथकात तिशीतले एक वकील होते, मोहनदास करमचंद गांधी. फुटबॉलच्या मैदानाचा आणि आपल्या इतिहासाचा असा धागा जुळेल, याची कल्पना सहसा कोणाला नसते.

साठच्या दशकात या पायऱ्यांवर सुमारे अठ्ठावीस हजार माणसे उभी राहत. जागा राखून ठेवण्याची सोय नव्हती. फिरत्या दांड्याच्या फाटकावर पैसे देऊन आत शिरायचे. शनिवारी दुपारपर्यंत काम आटोपून माणसे थेट मैदानाकडे येत, आणि मोठा सामना असेल तर तीन वाजता सुरू होणाऱ्या खेळासाठी सकाळपासून रांगा लागत. आत शिरल्यावरही तास-दीड तास उभे राहायचे. हा रिकामा वेळच तिथल्या गाण्याचा जनक ठरला. ध्वनिक्षेपकावर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजत आणि सारा उतार ती म्हणू लागे. बीटल्सचे शहर ते. गाणी घरचीच होती. १९६३ च्या अखेरीस यू विल नेव्हर वॉक अलोन हे, मुळात अमेरिकेतल्या एका संगीत नाटकातले, गीत गेरी अँड द पेसमेकर्स या स्थानिक वाद्यवृंदाने गाऊन लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. यथाकाल ते यादीतून उतरले. कॉपने मात्र ते सोडले नाही. फातोर्ड्याच्या गर्दीत ज्यांनी एखादी आरोळी एका कोपऱ्यात उठून पाहता पाहता सबंध मैदानभर पसरलेली ऐकली आहे, त्यांना हे कसे घडते हे समजावून सांगावे लागणार नाही.

१८ एप्रिल १९६४ रोजी आर्सेनलला ५-० असे हरवून लिव्हरपूलने लीग जिंकली, त्या दिवशी बीबीसीच्या पॅनोरमा या कार्यक्रमाचा चमू अॅनफिल्डवर होता. त्याचे कॅमेरे खेळाइतकेच प्रेक्षकांवर रोखलेले होते. ती चित्रफीत आजही पाहता येते. कोट घातलेली, घामेजलेली, हसरी पोरे एका लयीत डोलत आहेत आणि गर्दी लाटेसारखी खाली घसरून पुन्हा वर येते आहे. चित्र मोहक आहे. त्यामागची वस्तुस्थिती तितकी मोहक नव्हती. एकदा आत शिरल्यावर स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे अशक्य असे, आणि मग स्थानिक सायंदैनिकाच्या गुंडाळीचा जो उपयोग होई, तो वर्तमानपत्रात काम करणाऱ्याने अधिक विस्ताराने न सांगणेच बरे. घुसमटून बेशुद्ध पडलेल्यांना डोक्यांवरून हातोहात खाली पोहोचवत. गोल झाला की पाय जमिनीवरून उचलले जात आणि माणूस मूळ जागेपासून कितीतरी पायऱ्या दूर जाऊन थांबे. डिसेंबर १९६६ मध्ये आयाक्सविरुद्धच्या सामन्यात रेटारेटी इतकी वाढली की बऱ्याच जणांना मैदानाच्या कडेला आणून उपचार करावे लागले. तेव्हा याला कोणी धोका म्हटले नाही. वातावरण म्हटले.

या गर्दीकडून काय मिळू शकते, हे शँक्लींनी इतर कोणाही आधी ओळखले. नोव्हेंबर १९६४ मध्ये अँडरलेख्टविरुद्ध त्यांनी संघाला प्रथमच नखशिखान्त लाल पोशाखात उतरवले. खेळाडू अधिक उंच आणि उग्र दिसावेत हा हेतू. मैदानाकडे जाणाऱ्या जिन्यावर त्यांनी अॅनफिल्डच्या नावाची पाटी लावली, आपल्या खेळाडूंना आठवण आणि पाहुण्यांना धास्ती म्हणून. मे १९६५ मध्ये लिव्हरपूलने इतिहासात प्रथमच एफ. ए. चषक जिंकला आणि तीनच दिवसांनी युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीसाठी इंटर मिलान अॅनफिल्डवर आले. फाटके कित्येक तास आधीच बंद करावी लागली होती. इटालियन खेळाडू मैदानात आल्यानंतर शँक्लींनी दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या गेरी बर्न आणि गॉर्डन मिल्न यांना नवा चषक हाती देऊन मैदानाच्या कडेने फिरायला पाठवले. बर्न यांच्या गळ्याजवळचे हाड शनिवारीच मोडले होते आणि तशाच स्थितीत त्यांनी सबंध अंतिम सामना खेळून काढला होता. त्यानंतर अॅनफिल्डवर जो कल्लोळ झाला त्याचे वर्णन तिथे असलेले लोक जन्मभर करत राहिले. लिव्हरपूलने सामना ३-१ असा जिंकला. मिलानमध्ये ०-३ असा पराभव होऊन अंतिम फेरी हुकली, हेही सांगायला हवे. गर्दी विमानात बसून सोबत जात नाही.

इथवरचे सारे कोणाही चतुर व्यवस्थापकाने केले असते. शँक्लींचे वेगळेपण सामन्याच्या दिवसापलीकडचे होते. चाहत्यांची पत्रे ते स्वतः वाचत आणि जुन्या टंकयंत्रावर स्वतः उत्तरे टंकत. दूरवरून आलेल्या, खिसा रिकामा असलेल्या पोरांना तिकिटे मिळवून देत. घराजवळच्या मुलांबरोबर चेंडू खेळायला उतरत आणि तिथेही हरणे त्यांना सोसत नसे. १९७१ मध्ये अंतिम सामना आर्सेनलकडून हरून संघ परतला, तरी शहराच्या मध्यभागी लाखाहून अधिक माणसे लोटली. शँक्लींनी हात वर करताच तो समुदाय शांत झाला, आणि आपण लोकांसाठी खेळतो हे आपल्या खेळाडूंच्या मनावर सतत बिंबवत आल्याचे त्यांनी त्या पराभूतांच्या मेळाव्यात सांगितले. या प्रेमात काही धास्तावणारेही होते. १९७४ चा चषक जिंकल्यावर वेम्बलीवर दोन तरुण धावत आले आणि त्यांच्या बुटांपाशी लोळण घेऊ लागले. माणसाच्या वाट्याला इतकी भक्ती येणे बरे नव्हे, असे ते दृश्य पाहताना वाटून जाते.

१२ जुलै १९७४ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय साठ. थकवा आणि कुटुंब ही कारणे त्यांनी दिली. शहराचा विश्वास बसेना. कारखान्यांतून संपाच्या धमक्या दिल्या गेल्याच्या बातम्या आल्या. निर्णय चुकला हे त्यांनाही लवकरच उमगले. सवयीने ते मेलवूडवर जात राहिले, खेळाडू त्यांनाच साहेब म्हणत राहिले आणि नव्याने सूत्रे हाती घेतलेल्या पेस्लींची पंचाईत होऊ लागली. अखेर त्यांनी येऊ नये, हे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यात आले. क्लबच्या बाजूने पाहिले तर यात अवाजवी काही नव्हते. एका सरावाला दोन व्यवस्थापक असू शकत नाहीत. पण पंधरा वर्षांत दुसरी कसलीही आवड न जोपासलेल्या माणसाला सकाळी उठून जायला जागा उरली नाही, हेही तितकेच खरे. घराजवळ प्रतिस्पर्धी एव्हर्टनचे सरावाचे मैदान होते. तिथे त्यांचे स्वागत होई. आपल्यापेक्षा परक्यांनी अधिक आपुलकी दाखवली, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही.

नोव्हेंबर १९७५ मध्ये कॉव्हेंट्रीविरुद्धच्या सामन्याला ते संचालकांच्या कक्षाकडे न वळता कॉपच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. ज्या गर्दीला त्यांनी पंधरा वर्षे समोरून पाहिले होते, तिच्या आत, खांद्याला खांदा लावून.

खेळाला जीवनमरणाहून मोठे ठरवणारे एक वाक्य त्यांच्या नावावर जगभर फिरते. सदऱ्यांवर छापले जाते, भिंतींवर रंगवले जाते. ते त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात उच्चारले. त्याच संभाषणात आपल्या या वेडापायी कुटुंबाला सोसावे लागले याचा मोठा पश्चात्तापही त्यांनी बोलून दाखवला होता. तो भाग कोणी छापत नाही. २९ सप्टेंबर १९८१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या शनिवारी अॅनफिल्डवर स्वान्सी संघ आला होता. त्यांचे व्यवस्थापक जॉन टोशॅक हे शँक्लींचे जुने शिष्य. स्तब्धतेच्या वेळी त्यांनी अंगावरचा कोट उतरवला तेव्हा आत लिव्हरपूलची लाल जर्सी होती. शँक्लींची रक्षा कॉपच्या बाजूला मैदानात विखुरण्यात आली. १९८२ मध्ये नेसी यांच्या हस्ते त्यांच्या नावाची लोखंडी दारे मैदानापाशी उभी राहिली.

सात वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने पाहण्याच्या अशाच पायऱ्यांवर, जाळीच्या कुंपणात लिव्हरपूलचे पाठीराखे चिरडले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ वर गेली. पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्याच वर्तनावर ढकलला. दारू पिऊन आलेली, बेशिस्त, उशिरा घुसलेली माणसे, हे चित्र वर्षानुवर्षे रंगवले गेले. दोष प्रेक्षकांचा नव्हता आणि हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे ओढवले होते, हा न्यायचौकशीतील ज्युरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडावे लागले. दरम्यान बड्या मैदानांवर सर्वांना आसने सक्तीची झाली आणि ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्ध कॉप शेवटचा उभा राहिला. त्या जागी आता बारा हजारांच्या आसपास आसने आहेत.

हिल्सबरोनंतरच्या आठवड्यात अॅनफिल्डची फाटके लोकांसाठी उघडी ठेवली होती. शँक्लींच्या दारांपाशी आधी फुले आली, मग कॉपचा उतार भरला, मग तिथून मैदानाच्या मध्यापर्यंत फुले पसरत गेली. त्यांच्यामध्ये पायऱ्यांवरच्या लोखंडी दांड्यांना लोकांनी आपापले मफलर बांधले होते.